टेबलावर उरलेल्या चिठ्ठ्या

आमच्या मागच्या खिडकीतून एक मोकळी जागा दिसे. महापालिकेच्या नकाशात तिला क्रमांक होता, गल्लीत तिला पाजणीची जागा म्हणत. लांबीने भरपूर, रुंदीला बेताची, दोन्ही कडांना कडुनिंबाची रांग आणि मध्ये पायांनी तुडवून घट्ट झालेली पांढरट जमीन. तिथे गवत उगवत नसे.

पाजणी म्हणजे काय ते आधी सांगायला हवे. साडी विणण्यापूर्वी तिच्या उभ्या सुताला, म्हणजे ताण्याला, खळ द्यावी लागते. भल्या सकाळी हा ताणा बांबूच्या कैच्यांवर, म्हणजे फुलीसारख्या बांधलेल्या टेकूंवर, कमरेइतक्या उंचीवर लांबच लांब पसरतात. त्याला पिठाची पातळ खळ लावतात आणि ती वाळेपर्यंत दोन माणसे समोरासमोरून चालत येऊन लांब कुंच्याने सूत विंचरत राहतात. कुंचा थांबला की धाग्याला धागा चिकटतो. कडक ऊन लागले तर सूत ताठरते आणि मागावर तुटते. म्हणून लांब जागा लागते आणि सावलीही लागते. आमच्या भागात या दोन्ही गोष्टी एकत्र असलेली ती एकच जागा होती.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मोठा दुष्काळ होऊन एक-दोन वर्षे झाली होती. सोलापूरच्या एका दैनिकात मी महापालिकेच्या बातम्या करत असे. पूर्व भागात एका दुमजली घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी, पत्नी आणि आमची चार वर्षांची मुलगी राहत होतो. खालच्या खोल्यांत एक म्हातारे विणकर आणि त्यांचा हातमाग. गल्ली त्यांना तात म्हणे. तेलुगूत तात म्हणजे आजोबा. आम्हीही तेच म्हणायला लागलो. ते मला पेपरवाले म्हणत.

तातांचा मुलगा भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेला होता. तो दिवाळीला येई आणि बापाला बरोबर चला म्हणे. तात विचारत, "माझा माग एष्टीच्या टपावर ठेवू देतील का? विचारून ये. मग बघू." मुलगा जाई, तात राहत. गल्लीत हातमाग कमी होत चालले होते, तरी पंचवीस-तीस घरांतून खटखट ऐकू येई. ही सगळी घरे त्या जागेवर पाळीपाळीने ताणा पसरत. कारखान्यात खळ देण्याची सोय होती, पण ती यंत्रमागांच्या मोठ्या मालासाठी. एका म्हाताऱ्याचा एक ताणा तिथे कोणी घेत नसे. जागा गेली असती तर तातांना माग बंद करून भिवंडीला मुलाच्या खोलीत जावे लागले असते. हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही.

एका सकाळी दोन माणसे साखळी घेऊन आली. त्यांनी जागेची मोजणी केली, चुन्याच्या रेषा ओढल्या आणि प्रत्येक निंबावर लाल रंगाने आकडा घातला. ताणा पसरलेला होता. त्यांनी तो हलवायला सांगितले नाही. रेष ताण्याच्या खालून नेली.

"काय करलालाव?" तातांनी कुंचा न थांबवता विचारले.

"झाडं मोजलालो."

"नंबर कशाला? पळून जातील म्हणून?"

मोजणारा हसला. त्याने आणखी काही सांगितले नाही. त्याला तेवढेच माहीत असावे. मी खिडकीत दात घासत होतो. मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होते, कारण आदल्या आठवड्यात मी सभागृहात बसून तो ठराव ऐकला होता.

ठराव बागेचा होता. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक निवृत्त शिक्षक होते. सायकलवर फिरत, प्रत्येकाला नावाने हाक मारत. त्यांच्याविषयी वाईट बोलणारे मला कोणी भेटले नाही. मागच्या दिवाळीत आमच्याच रस्त्यावर खेळणारे एक मूल ट्रकखाली आले होते. त्या मुलाला उचलून नेणाऱ्यांत ते होते. त्या दिवसापासून त्यांनी बागेचा ध्यास घेतला. कुंपण, घसरगुंडी, झोपाळे, हिरवळ, मध्ये कारंजे. निम्मा खर्च सरकार देणार होते. उरलेला निम्मा वॉर्डाने उचलायचा होता, म्हणजे घरपट्टीवर बागपट्टी बसणार आणि घरमालक ती भाड्यात घालणार. अशी पट्टी लोकांना न विचारता बसवू नये असे आयुक्तांचे मत पडले. म्हणून वॉर्डातल्या प्रत्येक कुटुंबाचा कौल घ्यायचे ठरले. असा प्रकार आमच्याकडे पूर्वी झालेला नव्हता. एका रेशनकार्डाला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर दोन चौकोन, एक संमतीचा आणि एक हरकतीचा. पाहिजे त्यात शिक्का मारायचा आणि चिठ्ठी पेटीत टाकायची.

घरी मी हे सांगितले तेव्हा पत्नी पोळ्या लाटत होती.

"मी संमतीवर मारणार," ती म्हणाली.

"पाजणीची जागा जाईल."

"ठाऊक आहे. तातांचं वाईट वाटतं. पण अहो, तुम्ही दिवसभर सभागृहात पंख्याखाली. पोरगी रस्त्यावर गेली की माझा जीव पोळपाटावर राहत नाही. तुम्ही सांगा, कुठं खेळवू तिला? तुमच्या छापखान्यात?"

मूल दगावले त्या दिवशी ती नळावर होती. तिने तो ट्रक पाहिला होता.

कौलाच्या आधी मारुतीच्या देवळासमोर सभा झाली. नगरसेवक मराठीत बोलले. मध्येमध्ये मोडक्या तेलुगूत तेच पुन्हा सांगत, त्यावर बायका हसत. ते म्हणाले, "रविवारी शाळेत या. प्रत्येक कुटुंबाच्या नावाची चिठ्ठी टेबलावर ठेवलेली असेल. आपली आपण येऊन उचला." शेवटी त्यांनी पानसुपारीचे तबक फिरवले. गिरणीतले लोक, दुकानदार, आम्ही काही भाडेकरू, सगळ्यांनी घेतले. विणकरांनी हात जोडले आणि तबक पुढे सरकवले. ते तबक बरेचसे भरलेलेच नगरसेवकांकडे परत आले. ते त्यांच्या ध्यानात आले की नाही, कोण जाणे. त्यांनी एक विडा स्वतः तोंडात टाकला आणि बाकीचे देवळातल्या गुरवाला दिले.

त्याचा अर्थ मला दोन दिवसांनी कळला. सकाळी मी खाली उतरलो तेव्हा तात कैच्या रोवत होते. त्या दिवशी त्यांचा ताणा होता, गर्द जांभळा, मध्ये लाल पट्टा. मी कैची धरली.

"तात, रविवारचं काय ठरलं?"

"ठरलं की. कोण जायचं न्हाय."

"म्हणजे हरकत घ्यायची नाही?"

"मग आणि कशी घ्यायची?" ते म्हणाले. "पेपरवाले, तुमच्यात भांडून न्हाय म्हणत्यात. आमच्यात भांडत न्हाईत."

मग त्यांनी त्यांच्या पंचांची रीत सांगितली. जातीत काही ठरवायचे असले की पंच पितळेच्या ताटात घरटी एक विडा मांडतात. मुद्दा एकदा बोलून दाखवतात. ज्याला पटले तो उठून आपला विडा उचलतो. ज्याला पटले नाही तो उठत नाही. कोणी कोणाविरुद्ध बोलत नाही, कोणाचे नाव येत नाही. शेवटी ताटात उरलेले विडे मोजायचे. जास्त उरले तर मुद्दा पडला. विडे मग गाईला घालतात.

"उरलेलं मोजायचं," तात म्हणाले. "उचललेलं न्हाय. उचललेलं तोंडात गेलं, ते काय मोजणार? त्या मास्तरनी बी तेच सांगितलं की, टेबलावर ठेवतो, उचला म्हणून. बराय. न्हाय उचलत. रविवारी बघा टेबल. लई उरतील."

ते खूश होते. सभेत नगरसेवकांनी आपलीच रीत पाळली, असे त्यांना वाटले होते. मी कैची धरून उभा होतो. माझ्या खिशात महापालिकेचे पत्रक होते. सकाळी कचेरीत जाऊन त्यावरून बातमी लिहायची होती. पत्रकात सात अटी होत्या. सातवी अशी होती: जी कुटुंबे ठरलेल्या वेळेत चिठ्ठी नेणार नाहीत, त्यांची प्रस्तावास हरकत नाही असे समजण्यात येईल.

मी ती अट त्यांना सांगितली नाही. त्या वेळी मला त्यात काही गैर वाटले नाही. आमच्या वृत्तसंपादकांचा एक नियम होता: बातमीदार सांगत नाही, छापतो. ज्याला सांगायचे असेल त्याने निवडणुकीला उभे राहावे. हा नियम मी पहिल्या महिन्यात शिकलो होतो आणि तो मला आवडत असे. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी अट छापून येणारच होती. गल्लीत पेपर वाचणारी तरुण पोरे होती. ती वाचतील आणि म्हाताऱ्यांना सांगतील, असा माझा हिशेब होता.

तात म्हणाले, "धरा नीट. ढिली झाली." मी कैची नीट धरली. मग कचेरीत गेलो.

बातमी मी नेमकी लिहिली. कौल कुठे, केव्हा, कशासाठी, पट्टी कशी बसणार, चिठ्ठीवर काय असणार. सातवी अट शेवटच्या परिच्छेदात घातली, कारण पत्रकात ती शेवटी होती. संध्याकाळी पान लावताना एका साडीच्या दुकानाची जाहिरात आली आणि जागा कमी पडली. बातमी नेहमी खालून कापतात. म्हणूनच महत्त्वाचे वर लिहायचे, हे मी नवीन मुलांना स्वतः शिकवत असे. पान लावणाऱ्याने खालच्या चार ओळींचे खिळे, म्हणजे शिशाचे टाइप, काढले. बातमी जागेत बसली.

सकाळी चहा घेताना मी पाहिले. मथळा ठीक होता. मजकूर ठीक होता. शेवट "चिठ्ठ्या पेटीत टाकावयाच्या आहेत" या वाक्यावर झाला होता. पत्नीने पेपर वाचला आणि म्हणाली, "छान लिहिलंय. कुणालाही कळेल."

रविवारला चार दिवस होते. खाली उतरायला जिन्याच्या अकरा पायऱ्या होत्या.

त्या चार दिवसांचा विचार मी पुढे पुष्कळ केला आहे. कचेरीत मी वृत्तसंपादकांना म्हणालो, सातवी अट पुन्हा छापू. ते म्हणाले, "एकदा दिलेली बातमी पुन्हा काय द्यायची? वॉर्ड ऑफिसवर नोटीस लागलीय. वाचतील." नोटीस लागली होती, मी पाहिली. मराठीत टंकलिखित, बारीक, जिन्याखालच्या फलकावर. तात फक्त तेलुगू वाचत. ज्यांना मराठी वाचता येत होते ते तिकडे फिरकले नाहीत, कारण त्यांच्यापुरते ठरलेले होते. गुरुवारी तात जिन्याशी भेटले तेव्हा मुलीच्या खोकल्याविषयी बोलले. शुक्रवारी भेटले नाहीत. शनिवारी मी उशिरा उठलो. प्रत्येक वेळी मी स्वतःला एक कारण दिले. एकदा नियमाचे. एकदा, मी तातांना सांगितले तर कौलात हात घातल्यासारखे होईल, याचे. एकदा, कोणीतरी सांगितलेच असेल, याचे. घरात बाग हवी होती हे कारण मी स्वतःला कधी दिले नाही. ते नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही.

रविवारी सकाळी मी शाळेत गेलो. कौल चौथीच्या वर्गात होता. फळ्यावर शनिवारचा पाढा तसाच होता. लांब टेबलावर वॉर्डाच्या कारकुनाने चिठ्ठ्या मांडल्या होत्या, गल्लीवार, आमच्या गल्लीत विणकरांचा गड्डा वेगळा, प्रत्येक गड्ड्यावर एक दगड. वर्गाची खिडकी पाजणीच्या जागेकडे उघडत होती. मी खिडकीजवळच्या बाकावर बसलो.

बाहेर त्या दिवशी एकच ताणा नव्हता. जागेत मावतील तेवढे ताणे पसरलेले होते, शेजारी शेजारी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पांढरा, हिरवा, मोरपंखी, लाल. एरवी घरे पाळीने येत. त्या दिवशी सगळी एकदम आली होती. म्हाताऱ्या बायका खळीच्या बादल्या घेऊन उभ्या होत्या. माणसे कुंचे घेऊन समोरासमोरून चालत होती, मागे फिरत होती, पुन्हा चालत होती. बोलण्याचा आवाज नव्हता. चुन्याच्या रेषा पायांनी पुसल्या जात होत्या. निंबांवरचे लाल आकडे खिडकीतून वाचता येत होते.

"आज पाजणीचा सण आहे काय?" कारकुनाने विचारले.

मी म्हणालो, "नाही."

लोक येत होते. दुकानदार आले, गिरणीतले लोक पाळी संपवून आले. नगरसेवक दाराशी उभे राहून प्रत्येकाला नमस्कार करत. त्यांनी कोणालाही कुठे शिक्का मारायचा ते सांगितले नाही. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. पत्नी दहाच्या सुमारास मुलीला घेऊन आली. आमची चिठ्ठी तिने उचलली, पडद्याआड गेली, परत आली. जाताना खिडकीतून बाहेर पाहिले आणि क्षणभर थांबली.

"हे सगळे इकडे का येत नाहीत?" तिने हळूच विचारले.

"त्यांनी ठरवलंय."

"मग हरणार ना ते?"

मी वहीत काहीतरी लिहीत होतो. ती मुलीचा हात धरून निघून गेली.

दुपारी ऊन चढले. एरवी या वेळेपर्यंत ताणे गुंडाळून घरी गेलेले असत. त्या दिवशी कोणी हलले नाही. सूत कधीच वाळले असणार, तरी कुंचे चालू होते. विणकरांच्या चिठ्ठ्यांच्या गड्ड्यावरचा दगड सकाळी ठेवला तसाच होता. कारकून डबा खाऊन आला, त्याने त्या गड्ड्याकडे पाहिले आणि रजिस्टर पुढे ओढले.

"हा गड्डा बरा हाय," तो म्हणाला. "काम न्हाय लावलं. नावापुढं दोन अक्षरं मारत जायचं."

"कुठली?"

"ह. ना. हरकत नाही. सातवी अट. तुम्हीच तर छापलीत की साहेब." तो थांबला. "का न्हाय छापली? मी पेपर बघितला न्हाय."

"लिहिली होती," मी म्हणालो.

"मग झालं."

मी विचारले की त्यांना आता कोणी बोलावून आणले तर चालेल का. तो म्हणाला, पाचपर्यंत कोणीही या, चिठ्ठी ज्याची त्याला मिळेल. साडेतीन वाजले होते. वर्गापासून पहिल्या कैचीपर्यंत शंभर पावले नव्हती. मधे शाळेचे फाटक होते, ते उघडे होते. मी पाण्याच्या माठापर्यंत गेलो, पाणी प्यालो आणि परत बाकावर येऊन बसलो. त्या दीड तासात मी वहीत काय लिहिले ते आठवत नाही. वही माझ्याजवळ राहिली नाही.

पाचला पाच मिनिटे असताना तात शाळेच्या दारात आले. धुतलेला सदरा, डोक्याला रुमाल. मला वाटले कोणीतरी त्यांना सांगितले. मी उठून उभा राहिलो.

"चिठ्ठी घ्यायची का आजोबा?" कारकुनाने विचारले. "पाच मिनिटं हायत."

"नको, नको. नुसतं बघायला आलो." ते आत आले नाहीत. चपला काढून उंबऱ्याशीच उभे राहिले आणि मान लांब करून टेबलाकडे पाहू लागले. विणकरांचा गड्डा त्यांना लगेच सापडला. "ते आमचं का? सगळं तसंच हाय?"

"सगळं तसंच."

"एक बी उचलली न्हाय?"

"एक बी न्हाय."

तातांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. ते लपवण्याचा त्यांनी थोडा प्रयत्न केला, कारण नगरसेवक जवळच उभे होते आणि जिंकलेल्याने हरलेल्यासमोर हसू नये. ते नगरसेवकांकडे वळून म्हणाले, "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. पोरांना दुसरीकडं जागा बघू. आमी बी हात लावू." नगरसेवकांना काही समजले नाही. ते म्हणाले, "तुमचे उपकार आहेत तात." दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.

शाळेच्या घड्याळात पाच वाजले. कारकुनाने उरलेल्या चिठ्ठ्यांचा गड्डा सुतळीने बांधला, वर कागद लावला आणि त्यावर दोन अक्षरे लिहिली. तात तोवर चपला घालून गेले होते. बाहेर ताणे गुंडाळायला सुरुवात झाली होती आणि कोणीतरी मोठ्याने हसले. त्या दिवसातला तिकडून आलेला तो पहिला आवाज.

पेटीतल्या चिठ्ठ्यांत हरकती कमी नव्हत्या. घरपट्टीला कंटाळलेले लोक पुष्कळ होते. विणकरांच्या चिठ्ठ्या त्यांना जाऊन मिळाल्या असत्या तर बाग झाली नसती. त्या दुसऱ्या बाजूला मिळाल्या. बातमीला वृत्तसंपादकांनी "बागेला वॉर्डाची संमती" असा मथळा दिला. "संमती"च्या जागी "हरकत नाही" घालावे असे मी सुचवले. तो शब्दप्रयोग लांब होता, ओळीत बसेना.

ती बातमी गल्लीत एका तरुणाने दोनदा वाचली. मग चार-पाच म्हातारे वॉर्ड ऑफिसात गेले. कारकुनाने त्यांना जिन्याखालची नोटीस दाखवली. ती अजून तिथेच होती, एक कोपरा सुटलेला. ते आयुक्तांकडे गेले. तिथे मुदत संपल्याचे सांगण्यात आले. उत्तर खोटे नव्हते. कोणीही नियमाबाहेर काही केलेले नव्हते. त्यांना कुठेच भांडायला माणूस सापडेना. नगरसेवक सायकल हातात धरून तातांच्या दाराशी आले आणि बराच वेळ उभे राहिले. आपणाला विड्यांची ही रीत ठाऊक नव्हती, असे ते म्हणाले. ते खरे होते. पण ठराव झाला होता, सरकारचा निम्मा वाटा मंजूर झाला होता आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ते मूल होते.

उन्हाळ्यात कुंपण आले. लोखंडी गज, वर भाल्यासारखी टोके. निंब काढले, कारण त्यांचा पाला हिरवळीवर पडतो असे कंत्राटदाराचे म्हणणे होते. लाल आकड्यांच्या क्रमाने एकेक झाड पडत गेले. तातांनी बागेच्या फाटकाजवळ उरलेल्या शेवटच्या निंबाच्या सावलीत एक ताणा पसरला, निम्मा आत आणि निम्मा रस्त्यावर. रस्त्यावरच्या अर्ध्यावर ऊन आले. ते सूत मागावर चढल्यावर तुटू लागले. खालून खटखट येई, थांबे, बराच वेळ काही ऐकू येत नसे, पुन्हा येई. तात तुटलेले धागे जोडत असत. आम्ही वर जेवताना ते थांबणे ऐकत असू. पत्नी घास हातात धरून वाट पाही. ती साडी पुरी व्हायला किती दिवस लागले ते मी मोजले नाही.

भिवंडीहून मुलगा आला, तो दिवाळीची वाट न पाहता आला. माग विकला. घेणाऱ्याने तो लाकडाच्या भावाने घेतला. निघायच्या दिवशी दुपारी तात वर आले. याआधी ते कधी वर आले नव्हते. त्यांना पायऱ्या जड जात. हातात पितळेचे लहान ताट होते आणि त्यात एकच विडा. ते दारात बसले. आत या म्हटले तरी आले नाहीत. पत्नीने पाणी दिले, ते प्याले. ताट त्यांनी उंबऱ्यावर, माझ्या आणि त्यांच्या मध्ये ठेवले.

"पेपरवाले," ते म्हणाले, "पोरं काय बाय बोलत्यात. तुमाला अट आधीपासून ठाव होती म्हणत्यात. कारकून सांगतो म्हणं, तुम्ही लिवली होती."

मी ताटातल्या विड्याकडे पाहिले.

"मी त्यांना म्हणलो, तसं नसंल. त्या दिवशी माझी कैची धरून उभा होता माणूस. ठाव असतं तर बोलला असता." त्यांनी ताट बोटाने थोडे पुढे ढकलले. "मी असं म्हणतो. तुमाला पटत असंल तर उचला. नसंल तर राहू दे. मी काय भांडायला आलो न्हाय."

पत्नी आतल्या दारात उभी होती. खाली टांग्यात सामान चढवत होते. मुलगा घोड्याला धरून होता. विड्याला लवंग टोचलेली होती. या ताटाची रीत मला आता पूर्ण माहीत होती. न उचलणे म्हणजे काय, उचलणे म्हणजे काय, हे मला त्या गल्लीत इतर कोणाही परक्या माणसापेक्षा नेमके ठाऊक होते.

मी विडा उचलला.

तात थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी रिकाम्या ताटावरून हात फिरवला, आत काही उरले नाही ना हे पाहिल्यासारखा, ते काखेत धरले आणि भिंतीचा आधार घेत पायऱ्या उतरू लागले. मी विडा तोंडात घातला, कारण ते वळून पाहतील असे वाटले. त्यांनी वळून पाहिले नाही. टांगा गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी तो चघळत उभा होतो. आत गेलो तेव्हा पत्नीने पोळपाट काढला होता आणि ती माझ्याकडे पाठ करून पीठ मळत होती.